जातानाची चाल

“काका, हलू नका हं,” न्हाव्याने बजावले आणि पुढच्याच क्षणी तो स्वतःच असा काही दचकला, की वस्तरा मीटरकाकांच्या कानाच्या पाळीला वारा घालून गेला.

“अरे बाबा, कान राहू दे माझा! चष्मा कशावर लावू?”

“काका, ते सोडा. समोर बघा, समोर! अहो, हे तर तुम्हीच!”

विचारण्याच्या भानगडीत न पडता न्हाव्याने खुर्चीच गर्रकन भिंतीवरच्या टीव्हीकडे फिरवली. चादरीतून फक्त मुंडके बाहेर, एक गाल साफ आणि दुसऱ्यावर फेस, अशा अवस्थेत मीटरकाका बघू लागले.

येत्या सुट्टीत लागणाऱ्या एका सिनेमाची जाहिरात चालू होती. खऱ्या माणसांचा नव्हे, कॉम्प्युटरवर बनवलेल्या चित्रांचा सिनेमा. चंद्रावर एक वसाहत होती. उलट्या वाट्यांसारखी घरे. एका घरातली आजी विणता विणता तरंगत छताला जाऊन चिकटली होती आणि सून तिला झाडूच्या दांड्याने खाली ओढत होती. मांजराच्या डोक्यावर काचेचा गोळा होता. त्यामुळे त्याला स्वतःचे अंग चाटता येत नव्हते आणि त्यापायी ते साऱ्या जगावर चिडलेले होते. मग रस्त्याच्या टोकाकडून एक यंत्रमानव आला. पोट सुटलेला, एका अंगाने पोचा पडलेला, सांध्यासांध्यांत गंज. सगळे त्याला गंजोबा म्हणत होते.

गंजोबा एका फाटकाशी थांबला. कडी दोनदा वाजवली. मान डावीकडे कलती करून कानोसा घेतला. मग डावा पाय, वाटेत कोणी झोपलेले असावे तसा, उंच उचलून बाजूला टाकला आणि उजवा खांदा खाली सोडून तो आत शिरला.

“घरात कोणी आहे का? हवेचा मीटर बघायचाय!”

दार धाडकन लागले आणि गंजोबाचे नाक गळून पडले. दुकानातले चौघेही खो खो हसले.

मीटरकाका हसले नाहीत. त्यांना ती चाल ओळखूच आली नव्हती. स्वतःला चालताना कोण बघतो? आपण सोडून सगळे जग बघते. पण ते वाक्य त्यांनी ओळखले. चौतीस वर्षे, दारोदार, दिवसाला सत्तर-ऐंशी वेळा ते त्यांच्याच तोंडून बाहेर पडले होते. फक्त त्यांच्या वाक्यात हवेच्या जागी पाणी होते.

“तुमची मुलगी असलंच काहीतरी करते ना, कॉम्प्युटरवर?” न्हाव्याने विचारले. “म्हणजे तिनंच घातलं की तुम्हाला! वा, काका! बघा हं, बरोबर जमतंय का?” आणि हातात वस्तरा तसाच धरून तो दुकानातल्या दुकानात गंजोबासारखा चालून दाखवू लागला. डावा पाय उंच, खांदा खाली, मान कलती.

“डिट्टो!” बाकावरचे गिऱ्हाईक म्हणाले.

मीटरकाका उठले. “उरलेली दाढी?” न्हावी ओरडला. “ती घरी करीन,” एवढे बोलून ते निघाले ते गळ्यातल्या चादरीसकट. दारातून बाहेर पडताना पाठीवर चार जणांची नजर आहे हे त्यांना स्पष्ट जाणवले. आपल्याला पाय आहेत आणि ते काहीतरी करतात, हे जन्मात पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आले. पाय त्यामुळे इतके गोंधळले, की पायरीवर एकमेकांत अडकले.

घरी काकू मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले.

“हे काय? अर्ध्यातच सुटी झाली का दुकानाला?”

“तुला ठाऊक होतं?”

“काय?”

“गंजोबा!”

काकूंनी एक शेंग सावकाश सोलली. “दाखवला का टीव्हीवर? किती वाजता? मला बोलावलं असतंत तर...”

“म्हणजे तुला ठाऊक होतं!”

“तिनं विचारलं, आई, बाबांचं चालणं घेऊ का सिनेमात. मी म्हटलं, घे. नाहीतरी फुकटच जातंय.”

मीटरकाका मटकन खुर्चीत बसले. मग फेसाने खुर्ची खराब होते म्हणून काकूंनी त्यांना पुन्हा उठवले.

आता ही चाल काही त्यांनी हौसेने कमावलेली नव्हती. पाणीपुरवठा खात्यात ते लागले तेव्हा चांगले सरळ चालत. पण पाण्याचे मीटर लोक जमिनीत खड्डा करून बसवतात, वर लोखंडी झाकण ठेवतात आणि झाकणावर जे काही घरात नको असेल ते रचून ठेवतात. ते हलवून, झाकण उचलून, वाकून, काचेवरचे शेवाळ फडक्याने पुसून आकडा वाचायचा. काच नेमकी तिरकी; त्यामुळे मानही तिरकी. खिशात वजनदार बॅटरी. ती उजवीकडे, म्हणून खांदाही उजवा. आणि डावा पाय तिसऱ्या वर्षी एका पायपुसण्यावर पडला, ते पायपुसणे नसून कुत्रा निघाला. तेव्हापासून डावा पाय कोणत्याही दारात विश्वासाने पडला नाही. अशी एकेक वर्षाने ती चाल अंगावर चढत गेली, जसा गंज चढतो.

एवढ्या घरांत जाऊन त्यांना चेहऱ्याने ओळखणारे मात्र कोणी नव्हते. दार उघडणारी बाई आत वळून सांगे, “मीटरवाला आहे.” नोकरी संपली, पुढे दुरूनच आकडा कळवणारी यंत्रे बसली, आणि नाव तेवढे मागे उरले: मीटरकाका. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. कोणाच्या अध्यातमध्यात न येता आयुष्य गेले, याचा त्यांना थोडा अभिमानच होता. आणि आता हे! दाराशी जाऊन नाक गळलेला गंजोबा!

त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकले. चाल बदलायची.

कोणाची चाल घ्यायची, याचा विचार करायला वेळ लागला नाही. त्यांच्या खात्याचे मोठे साहेब होते. छाती पुढे, हात मागे, मान ताठ. ते कॉरिडॉरमधून चालत तेव्हा दोन्ही बाजूंची माणसे आपोआप भिंतीला लागत. मीटरकाकांनी जेवणाच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात सराव सुरू केला.

“घरात कसली तपासणी आहे का?” काकूंनी विचारले.

“मध्ये बोलू नकोस. तोल जातो.”

दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या चालीने रस्त्यावर उतरले. मान ताठ असल्याने खालचे काही दिसत नव्हते, म्हणून पहिल्या दहा पावलांत शेजाऱ्यांच्या दोन कुंड्या गेल्या. औषधवाल्याने हाक मारून पाठीला लावायचे मलम पुढे केले, “उसण भरली का, काका?” सगळ्यांत जास्त लागले ते गल्लीतल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे वागणे. नऊ वर्षांची ओळख. मीटरकाका दिसले की ते फक्त एक कान हलवत असे. उठण्याचेही कष्ट घेत नसे. त्या दिवशी ते उठून उभे राहिले आणि अनोळखी माणसावर भुंकावे तसे जीव खाऊन भुंकले.

तरी मीटरकाका हटले नाहीत. तीन आठवडे त्यांनी रोज सराव केला. पाय दुखत, पाठ आखडे, वीस मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागे. पण चाल बदलली. निदान जुनी राहिली नाही, एवढे नक्की.

लेक स्टुडिओच्या जवळच एका मैत्रिणीबरोबर राहत असे आणि रविवारी घरी येई. गेले तीन रविवार ती आली नव्हती. चौथ्या रविवारी आली, ती डोळ्यांखाली काळी वर्तुळे घेऊन. चपला काढायच्या आधीच म्हणाली, “बाबा, माझं एक काम आहे तुमच्याकडे.”

“आधी माझं तुझ्याकडे आहे,” मीटरकाका म्हणाले. हे वाक्य त्यांनी एकवीस दिवस घोकून ठेवले होते. “मला न विचारता माझे फोटो काढलेस?”

“फोटो नाही, व्हिडिओ. गॅलरीतून.”

“चोरून!”

“सांगून काढले असते तर तुम्ही फोटोला उभे राहता तसे चालला असतात. ओळखपत्रावरचा चेहरा करून.”

“लोक हसतात मला.”

“गंजोबाला हसतात, बाबा. आवडतो म्हणून हसतात.”

“ते तू तिकडं स्टुडिओत बसून म्हणतेस. इथं न्हावी वस्तरा घेऊन माझी नक्कल करतो!” मीटरकाकांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. “चौतीस वर्षं लोकांनी तोंडावर दारं लावली. पण तेव्हा हसत तरी नव्हते.”

काकूंनी आतून पाणी आणून दिले, ते लेकीने घेतले नाही.

“बाबा, तुम्हाला एक सांगू? शाळेतून आले की मी खिडकीत बसायचे. संध्याकाळी रस्त्यावर शंभर माणसं असायची. त्यांत तुमचा चेहरा दिसायच्या कितीतरी आधी तुमची चाल दिसायची. पार तिकडं, वळणावर. मग मला पूर्ण तीन मिनिटं मिळायची.”

“कशाला?”

“टीव्ही बंद करून, तो गार होईपर्यंत वारा घालून, पुस्तक उघडून बसायला.”

मीटरकाकांनी बोटांवर वर्षे मोजली. “म्हणजे सातवीत तू अभ्यास करतच नव्हतीस?”

“बाबा, मुद्दा तो नाहीये.”

“मला तर तोच दिसतोय! गणितात तेव्हा...”

“बाबा! मी सांगतेय, मला जगात सगळ्यांत चांगली कुणाची चाल माहीत असेल तर ती तुमची. मला सांगितलं होतं, एक म्हातारं यंत्र आहे, त्याला कुणी विचारत नाही, त्याला चालतं कर. तर मी दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही. तीन वर्षं मी रोज तुमच्याबरोबर चाललेय तिथं.” तिने डोळे चोळले. “आता शेवटचं दृश्य राहिलंय. अकरा सेकंदांचं.”

मग तिने ते दृश्य सांगितले. वसाहतीतली हवा गळत असते. गंजोबा घराघराला सांगत फिरतो, कोणी ऐकत नाही. शेवटी तो एकटाच मुख्य नळीवरची गळती बुजवतो. सगळी घरे वाचतात आणि कोणाला पत्ताही नसतो. आजी छताला, सून झाडू घेऊन, मांजर चिडलेले, सगळे आपापल्या जागी. आणि गंजोबा आपला निघतो. पाठमोरा. त्याचा चेहरा दिसत नाही, तो काही बोलत नाही. नुसता चालत जातो.

“दिग्दर्शक म्हणतो, पाठ बोलली पाहिजे. चाळीस वेळा करून दाखवलं. चाळीसही वेळा म्हणाला, खोटं वाटतं. आणि खोटंच वाटतं, बाबा. कारण माझ्याकडचे तुमचे सगळे व्हिडिओ येतानाचे आहेत. जातानाचा एकही नाही.”

मीटरकाकांनी तिच्या पायांकडे पाहिले. मग ते म्हणाले, “चपला काढ आधी. घरात चपला घालून फिरतेस.”

ही परवानगी आहे हे लेकीला कळले. इतकी वर्षे ती त्यांच्या घरात राहिली होती.

मंगळवारी दोघे स्टुडिओत पोचले. दोघे म्हणजे मीटरकाका आणि काकू. काकूंना कोणी बोलावले नव्हते, पण त्यांनी चौघांचा डबा भरून घेतल्यावर त्यांना नको म्हणायची सोय राहिली नाही. स्टुडिओ म्हणजे एक मोठे रिकामे दालन निघाले. जमिनीवर करडे जाजम, चारी बाजूंना उंचावर कॅमेरे, कोपऱ्यात टेबलावर पडदे. दिग्दर्शक अर्ध्या चड्डीत होता.

“एवढा मोठा सिनेमा काढतोय, याला कापड पुरलं नाही का?” काकूंनी लेकीच्या कानात विचारले. दालन रिकामे असल्याने ते सगळीकडे ऐकू गेले.

दिग्दर्शक हसला आणि त्याने वाकून दोघांना नमस्कार केला. पुढची अडचण मात्र त्याने तितक्याच नम्रपणे सांगितली. उद्या सकाळी सगळा सिनेमा पुढच्या कामासाठी द्यायचा होता. आजच्या आज हे दृश्य जमले नाही, तर ते कापून टाकायचे आणि सगळे घरात सुखरूप बसले आहेत, तिथेच सिनेमा संपवायचा.

मीटरकाकांना एक काळा, अंगासरशी बसणारा पोशाख दिला गेला. त्यावर गुडघे, कोपर, खांदे, कंबर, सगळीकडे पांढरे गोळे चिकटवलेले होते. कॅमेरे माणसाला बघत नाहीत, त्या गोळ्यांना बघतात, असे लेकीने सांगितले. पोटाशी पोशाखाची चेन अडली. ती वर न्यायला दिग्दर्शक, लेक आणि काकू अशा तिघांचे हात लागले आणि चेन बसेपर्यंत मीटरकाकांनी श्वास धरून ठेवला. आरशात त्यांनी एकदाच पाहिले आणि न्हावी इथे नाही याबद्दल मनोमन आभार मानले.

“काका, काही करायचं नाही. फक्त त्या टोकापर्यंत चालत जायचं. नेहमीसारखं.”

मीटरकाका चालले. छाती पुढे, हात मागे, मान ताठ. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा एक माणूस हुबेहूब तसाच चालला.

“काका,” दिग्दर्शकाने जपून विचारले, “हे कोण?”

“आमचे मोठे साहेब.”

“बाबा, तुमचं चाला ना. तुमचं स्वतःचं.”

मीटरकाकांनी मनातल्या मनात उजळणी केली. डावा पाय उंच. खांदा खाली. मान कलती. ते चालले, आणि पडद्यावर न्हावी चालून गेला. वस्तऱ्यासकट.

“पुन्हा एकदा घेऊ,” दिग्दर्शक म्हणाला. असे तो तेवीस वेळा म्हणाला. मध्ये चहा झाला. मध्ये काकूंनी सूचना केल्या, “अहो, दूध आणायला जाता तसं जा बघू,” त्यानेही फरक पडला नाही. साहेब गेले की न्हावी येई, न्हाव्याला हाकलावे तर साहेब हजर. त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी आपली चाल असणार म्हणून मीटरकाका तिला शोधत राहिले. ती नव्हती. चौतीस वर्षे न मागता अंगाला चिकटून बसलेली वस्तू त्यांनी तीन आठवड्यांत खरवडून काढली होती. चेहऱ्यावरून घाम निथळू लागला, गुडघा ठणकू लागला. चोविसाव्या वेळी ते दालनाच्या मधोमध थांबले.

“येत नाही गं मला,” ते म्हणाले. “मी घालवून बसलो.”

लेकीने त्यांच्याकडे पाहिले. रागावली असती तर बरे झाले असते. ती नुसती म्हणाली, “असू द्या, बाबा. बसा तुम्ही. कापून टाकू ते. त्यावाचून काही अडत नाही सिनेमाचं.” आणि दालनाच्या त्या टोकाला दिव्यांची बटणे होती, ती बंद करायला वळून निघाली.

मीटरकाका खाली मान घालून उभे होते. काकूंचा आवाज आला.

“अहो, बघा. चालली बघा मीटर वाचायला.”

त्यांनी वर पाहिले. लेक पाठमोरी चालली होती. उजवा खांदा किंचित उतरलेला. मान डावीकडे, जेमतेम कळेल इतकी. जाजमाची कड आली तेव्हा डावा पाय जरासा उचलला जाऊन बाजूला पडला. तिच्या खिशात बॅटरी नव्हती. तिला जन्मात कुत्रा चावला नव्हता.

“थांबा!” दिग्दर्शक ओरडला. “नाही, थांबू नका! चाला, चाला!”

लेक थांबली आणि वळली. तीन माणसे आपल्याकडे डोळे फाडून बघताहेत असे तिला दिसले. “काय झालं?”

“तू बाबांसारखी चालतेस,” काकूंनी सांगितले. “लहानपणी रविवारी, एरवी बंद सापडणाऱ्या घरांच्या फेरीला न्यायचे तुला, बोट धरून. तेव्हाच त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवायचीस. मला वाटलं, तुला ठाऊक आहे.”

“मी?” लेक म्हणाली. “काहीतरीच काय! मी मुळीच अशी चालत नाही!”

“वाईट वाटून घेऊ नकोस,” मीटरकाका म्हणाले. “तीन आठवड्यांत जाते.”

पंधरा मिनिटांत तो गोळ्यांचा पोशाख लेकीच्या अंगावर चढला. तिची चेन पटकन लागली. पण जागेवर उभी राहिली आणि तिचेही तेच झाले. कोणीतरी बघते आहे म्हटल्यावर गुडघे लाकडाचे, खांदे पेटीसारखे. पहिल्या खेपेला ती परेडला चालल्यासारखी चालली. दुसऱ्या खेपेला ती बाबांची नक्कल करत चालली. तिसऱ्या खेपेनंतर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

मीटरकाका दिग्दर्शकाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “कॅमेरे चालू ठेवा. आणि तिला सांगू नका.” मग मोठ्याने हाक मारली, “झालं गं! राहू दे, बंद केलं त्यांनी. तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. जा, तोंड धुऊन ये, आईनं डबा आणलाय.”

“भूक नाहीये, बाबा.”

“थोडं खा. मग झोप.”

“हं,” ती म्हणाली. एक क्षण तशीच उभी राहिली, जणू खाणे आणि झोपणे या दोन्ही गोष्टी कशा करतात ते आठवत होती. मग वळली आणि दारापर्यंत चालत गेली.

दिग्दर्शक श्वास रोखून पडद्याकडे बघत होता. मीटरकाकाही. पडद्यावर लेक नव्हती. चंद्र नव्हता, घरे नव्हती. करड्या रिकाम्या जागेत थोडेसे पांढरे ठिपके दूर दूर जात होते. एक खांदा उतरलेला. थकलेले, पण घाईत नाही. मागे वळून न बघणारे. जे काम होते ते झाले आहे आणि त्याबद्दल कोणाला काही सांगायचे नाही, असे. मीटरकाका पडद्याकडे आणखी एक पाऊल सरकले.

“रोज सकाळी मी असा जायचो?” त्यांनी विचारले.

“असेच,” काकू म्हणाल्या. त्याही येऊन पडद्यापाशी उभ्या होत्या. “दारात उभी राहून मीच बघायचे ना. मला विचारायचं होतं या लोकांनी. तुमची जातानाची चाल मला पाठ आहे.”

तोंड धुऊन लेक परत आली तेव्हा दिग्दर्शक तिला काही न सांगता नुसताच टाळ्या वाजवत सुटला. तिने पडदा पाहिला, एकदा, मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा पाहिल्यावर वडिलांकडे वळली.

“चोरून काढलंत?”

“सांगून काढलं असतं तर तू ओळखपत्रावरचा चेहरा केला असतास.”

डबा सगळ्यांनी जाजमावर बसून खाल्ला. दिग्दर्शकाने तीनदा वाढून घेतले, त्यामुळे काकूंनी त्याच्या चड्डीचा विषय पुन्हा काढला नाही. त्या अकरा सेकंदांवर पोचा आणि गंज चढवायचे काम दुसऱ्या माणसांकडे गेले. लेकीचे संपले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला उद्या सकाळी कुठेही जायचे नव्हते. “घरी येते,” ती म्हणाली.

संध्याकाळी पाच-सव्वापाचची बस मिळाली. गर्दी नव्हती. दोघांच्या बाकावर मीटरकाका आणि लेक बसले, पलीकडच्या बाकावर काकू रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन. पहिल्या दोन थांब्यांपर्यंत लेक बोलत होती: गंजोबाला आधी चाके द्यायची ठरली होती, तिने कसे भांडून पाय मिळवून दिले. तिसऱ्या थांब्याच्या सुमाराला एका वाक्याच्या मध्येच ती थांबली आणि तिचे डोके मीटरकाकांच्या खांद्यावर येऊन पडले.

ते हलले नाहीत. बस खड्ड्यातून गेली की ते आपले अंग सैल सोडून धक्का स्वतःत जिरवत होते. त्यांचा थांबा आला. काकू पिशवी सावरून उठल्या. मीटरकाकांनी मान हलवली, अगदी थोडी, नाही अशी. काकूंनी लेकीकडे पाहिले आणि त्या परत बसल्या. बस पुढे निघाली. ओळखीची दुकाने मागे गेली, मग अनोळखी इमारती आल्या, मग मोकळी जागा आणि बसचे आगार.

इंजिन बंद झाले. उरलेली माणसे उतरली. कंडक्टर मागून तिकिटांची पेटी हलवत आला आणि त्यांच्यापाशी थांबला.

“काका, उतरा. शेवटचा थांबा.”

मीटरकाकांनी ओठांवर बोट ठेवले. “परत कधी सुटते?” त्यांनी कुजबुजत विचारले.

कंडक्टरने खांद्यावरच्या डोक्याकडे पाहिले. मग त्यानेही आवाज खाली आणला. “वीस मिनिटांनी.”

“मग परतीची तीन द्या,” मीटरकाका म्हणाले आणि मोकळ्या हाताने, खांदा जराही हलू न देता, पलीकडचा खिसा चाचपू लागले.